बायपासनंतरच्या रात्री : गोळ्यांचे वेळापत्रक मराठीत हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हृदयाची बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया झालेला माणूस साधारण सहाव्या ते आठव्या दिवशी घरी येतो. डॉक्टरांची पुढची तपासणी आणखी आठ-दहा दिवसांनी असते. मधल्या दिवसांत घरच्यांना छळणाऱ्या तक्रारी तीनच : दुखणे, न लागणारी झोप आणि गोळ्यांचे त्रास. तिन्ही डोके वर काढतात त्या रात्री दहानंतर, जेव्हा विचारायला कुणी नसते. हातात असते ते इंग्रजी डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची भरलेली पिशवी.

आम्ही शुश्रूषा, फिजिओथेरपी आणि औषधदुकान या तीन कामांतली ठाणे-नवी मुंबईतली माणसे आहोत. आमचे म्हणणे असे की या तीन तक्रारी वेगवेगळ्या नाहीत, एकाच दोरीचे तीन पेड आहेत. गोळी चुकते म्हणून दुखते, दुखते म्हणून झोप लागत नाही, झोप लागत नाही म्हणून कुणीतरी शेजारून दुसरीच गोळी आणून देते आणि तिथून खरा घोळ सुरू होतो. हा गुंता बहुतेक वेळा घड्याळाने सुटतो. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी ही विनंती.

आधी दुखण्याचे. बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापतात, दोन्ही बाजू फाकवतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधतात. ते हाड बऱ्यापैकी सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरते पक्के व्हायला तीन महिने. फासळ्या फाकवल्यामुळे त्यांचे मागचे सांधे ताणले जातात. म्हणून पुष्कळांना छातीपेक्षा पाठ, मान आणि दोन खवाट्यांच्या मधला भाग जास्त दुखतो. कुणाच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, तेही त्याच ताणाने. छातीच्या आतली धमनी काढून वापरली असेल तर डाव्या बाजूची कातडी बधिर होते किंवा जळजळते, साधा सदरा घासला तरी सहन होत नाही. पायाची शीर काढली असेल तर घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो आणि तो पाय संध्याकाळी सुजतो. ही सगळी दुखणी अपेक्षित आहेत. मात्र प्रत्येकाचा उपाय निराळा आहे आणि घरोघरी सगळ्यांवर एकच गोळी चालवली जाते.

हाडाच्या आणि स्नायूंच्या दुखण्याला पहिली गोळी पॅरासिटामॉल. कार्डावर ती बहुधा ६५० मिलिग्रॅम, दिवसातून तीन किंवा चार वेळा अशी लिहिलेली असते. ‘आधीच इतक्या गोळ्या, त्यात ही कशाला’ म्हणून घरचे नेमकी हीच गाळतात आणि दुखले की देतात. इथेच चूक होते. दुखणे एकदा चढले की तेवढीच गोळी पुरी पडत नाही. पहिले सात ते दहा दिवस ती सहा-सहा तासांनी ठरल्या वेळी द्यावी, दुखत असो वा नसो. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ-नऊ असे बसवावे. चौथी गोळी पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवावी आणि पहाटे जाग आली तर घ्यावी. झोपलेल्याला उठवून देऊ नये. ६५०च्या चार गोळ्या म्हणजे २,६०० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० धरतात. वय जास्त, वजन कमी किंवा यकृत नाजूक असेल तर डॉक्टर ती बरीच खाली ठेवतात. मर्यादा ओलांडली जाते ती नकळत : ट्रॅमाडॉल या जोरदार वेदनाशामकाच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल असते, सर्दीच्या गोळीत असते, तापाच्या गोळीत तर असतेच. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. ते वाचून बेरीज करावी.

गोळी नुसते दुखणे विसरायला नसते. ती खोकायला आणि चालायला असते. दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, कफ साठतो, ताप येतो. म्हणून गोळी दिल्यावर अर्धा-पाऊण तासाने श्वासाचा व्यायाम आणि चालणे. तीन बॉलच्या यंत्रात फुंकायचे नसते, ओढायचे असते. निम्मे लोक पहिल्या दिवशी फुंकतात. त्या तीन कप्प्यांवर ६००, ९०० आणि १,२०० लिहिलेले असते, तो श्वास ओढण्याचा वेग, सेकंदाला मिलिलिटरमध्ये. तिन्ही बॉल फटकन उडवण्यात काही हशील नाही. पहिला किंवा दुसरा बॉल दोन-तीन सेकंद वर धरून सावकाश ओढलेला श्वास खालपर्यंत पोचतो. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये मध्ये थांबत. चक्कर आली तर थांबावे. खोकताना उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरावा. खोकला दाबून ठेवू नये.

आता ज्या गोळ्या देऊच नयेत त्यांच्याबद्दल. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरीकॉक्सिब, निमेसुलाइड हे सगळे वेदनाशामकांच्या एका घराण्यातले. गुडघेदुखीसाठी घरात एखादे पाकीट असतेच आणि मेडिकलमध्ये ‘पाठीसाठी काहीतरी द्या’ म्हटले की बहुधा यातलेच हातावर पडते. बायपासनंतर या गोळ्यांनी हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनला तिचे कामच करू देत नाही. आणि रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी, सोबत लघवीची गोळी आणि त्यावर ही तिसरी, असे त्रिकूट जमले की मूत्रपिंडे चार-पाच दिवसांत बसू शकतात : लघवी कमी, पायांवर सूज, वजन वाढलेले. घरचे समजतात हृदयाचे बिघडले. खरे कारण ‘पाठीसाठी’ आणलेली गोळी असते. आमच्यातल्या औषधविक्रेत्यांचे आपल्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगणे आहे : पाठदुखीची गोळी मागणाऱ्याला ‘हृदयाचे ऑपरेशन झाले आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का’ हे दोन प्रश्न विचारा. दहा सेकंद लागतात.

पाठ आणि मानेसाठी कोमट शेक चांगला. पण जखमेवर आणि बधिर झालेल्या डाव्या छातीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. चटका कळत नाही आणि फोड येतो. खांदे मागच्या बाजूने गोल फिरवणे दिवसातून चार-पाच वेळा करावे. कुबड काढून बसणाऱ्याची पाठ जास्त दुखते आणि छातीच्या भीतीने जवळजवळ सगळेच कुबड काढून बसतात. कातडीच्या जळजळीला पॅरासिटामॉल फारसे लागू पडत नाही. ते नसेचे दुखणे आहे, त्याला डॉक्टर रात्री प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन देतात. त्याने गुंगी येते आणि काहींचे घोटेही सुजतात, हे आधी ठाऊक असले म्हणजे घाबरगुंडी होत नाही. जुना मऊ बनियन उलटा घालावा, म्हणजे शिवण बाहेर राहते. स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट कुणी बोलत नाही : स्तनांच्या वजनाने टाक्यांवर सतत ताण येतो, जखम खालच्या टोकाला उसवते आणि दुखते. पुढून हूक लावायची, तारा नसलेली, मऊ सुती ब्रा पहिल्या आठवड्यापासून दिवसरात्र वापरावी. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटत असेल तर सिस्टरला विचारावे, पण विचारावे.

हाडाची काळजी म्हणजे हातांची काळजी. चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलायचे नाही. पाण्याने भरलेली बादली पंधरा ते वीस किलोची असते आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो. तो सरकवायचाही नाही. अंथरुणातून उठताना दोरी धरून किंवा कुणाचा हात ओढून उठू नये. गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदम कुशीवर वळवायची, पाय पलंगाखाली सोडायचे आणि पायांच्या वजनावर वर यायचे. मदत करणाऱ्याने पाठीला, खांद्यांच्या मागे आधार द्यावा. काखेत हात घालून उचलू नये. जमिनीवरची गादी दोन महिने गुंडाळून ठेवावी, कारण जमिनीवरून उठताना सगळा भार तळहातांवर येतो. बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीचा पलंग किंवा दिवाण हवा. वागळे इस्टेट, कळव्याच्या चाळींत किंवा नवी मुंबईतल्या जुन्या बैठ्या घरांत उकिडवे बसायचे शौचालय असते. तिथे कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती माणूस घरी येण्याआधी आणून ठेवावी. लोकलचा प्रवास, विशेषतः वरची कडी धरून, तीन महिने नको. रिक्षा टाळता येत नसेल तर मागे मध्यभागी, उशी छातीशी धरून बसावे. पावसाळ्यात घोडबंदर रोडवरचा प्रत्येक खड्डा छातीत कळतो. दुचाकी मागे बसूनसुद्धा नको.

पोट साफ होण्याचाही दुखण्याशी संबंध आहे. ट्रॅमाडॉलने आणि लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होते, कुंथावे लागते आणि कुंथताना छातीवर ताण येतो. चौथ्या दिवसाची वाट पाहू नये. रात्री लॅक्टुलोजचे सिरप १५ ते ३० मिलिलिटर किंवा दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यात, पण पाणी मोजून पिण्याची ताकीद असेल तर इसबगोल नको, कारण ते कमी पाण्यात उलट घट्ट होऊन बसते. इसबगोल आणि बाकीच्या गोळ्या यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाने शौच काळसर होते, त्यात घाबरण्यासारखे नाही. डांबरासारखे चिकट, चकाकते आणि उग्र वासाचे असेल तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता झोप. ही तक्रार सगळ्यांत जास्त आणि तिच्याकडे लक्ष सगळ्यांत कमी. आयसीयूत दिवे चोवीस तास जळतात, दर तासाला कुणी ना कुणी हात लावते, तिथे दिवस-रात्र ही भाषाच पुसली जाते. घरी आल्यावर ती परत यायला दोन-चार आठवडे लागतात. त्यात उताणे झोपण्याची सक्ती. आयुष्यभर कुशीवर किंवा पोटावर झोपणाऱ्याला ही शिक्षाच असते. पाठीखाली दोन-तीन उशा उतरत्या रचून ३० ते ४५ अंशांचा उतार करावा. नुसती डोक्याखाली उंच उशी घेतली तर मान मोडते आणि छाती दबते. लोड मागे, त्यावर उशी, गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर आणि दोन्ही दंडांखाली एक एक पातळ उशी, म्हणजे खांदे ओढले जात नाहीत. ज्या पायाची शीर काढली तो पाय उशीवर. शल्यविशारदांनी हो म्हटल्यावर कुशीवर वळावे, तेही छातीशी उशी धरून. पोटावर झोपणे तीन महिने विसरावे.

यानंतर गोळ्यांच्या वेळा पाहाव्यात, कारण झोपमोडीचे निम्मे कारण तिथे असते. टोर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी तासाभरात काम सुरू करते आणि सहा-आठ तास चालते. ती सकाळी न्याहारीनंतर घ्यावी. दुसरी मात्रा असेल तर दुपारी दोनच्या सुमारास, चारनंतर नाही. ‘दोन वेळा’ म्हणजे सकाळ-रात्र असा अर्थ लावून रात्री नऊला दिली की माणूस चार वेळा उठतो, अंधारात धडपडतो आणि सकाळी म्हणतो झोप लागली नाही. मेटोप्रोलॉल या ठोके मंद करणाऱ्या गोळीने विचित्र, ठळक स्वप्ने पडतात; रात्रीची मात्रा सकाळी नेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने हलवू नये. अटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या (स्टॅटिन) कोणत्याही वेळी चालतात, फक्त रोज एकच वेळ ठेवावी. दुपारची झोप पाऊण तासाची, तीनच्या आत. चारनंतर चहा नको. भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी सहापर्यंतची वेळ सांगावी. दहा जणांना तीच कहाणी दहा वेळा सांगून माणूस थकतो, पण झोपत नाही. सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यावर चालणे हे झोपेचे उत्तम औषध : पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटे तीन-चार वेळा, मग रोज एक-दोन मिनिटे वाढवत महिन्याभरात अर्ध्या तासापर्यंत. चालता चालता बोलता आले पाहिजे, हीच मोजपट्टी. ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठची सपाट वाट सकाळी गर्दी व्हायच्या आत चांगली. सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने पहिले दिवस घरातल्या घरात चालावे. दिवसात एकदाच उतरावे आणि चढताना प्रत्येक वळणावर थांबावे.

झोपेची गोळी शेजाऱ्यांकडून घेऊ नये. अल्प्राझोलामसारख्या गोळीने वयस्क माणूस रात्री तोल जाऊन पडतो, भ्रमिष्टासारखे बोलू लागतो, आणि ती ट्रॅमाडॉलसोबत घेतली तर श्वास मंदावू शकतो. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि तिच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते, ते उगाच नाही. सर्दीचे गुंगी आणणारे सिरपही नको. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी त्याने अडते. काही वयस्क रुग्ण पहिल्या रात्री भलतेसलते बोलतात, माणसे ओळखत नाहीत. त्यांना वेड लागलेले नसते. चष्मा आणि कानाचे यंत्र लावावे, खोलीत मंद दिवा आणि समोर घड्याळ ठेवावे, ओळखीच्या माणसाने हळू आवाजात तारीख-वार सांगावा. दोन दिवसांत उतरले नाही, ताप असेल किंवा हात-पाय-वाचा यांत फरक वाटला तर मात्र थांबू नये. रात्री घाम येऊन कपडे ओले होणे पहिले दोन-तीन आठवडे होते. मधुमेह असेल तर अशा वेळी साखर तपासावी. मेटोप्रोलॉलमुळे साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो, म्हणून त्या घामाकडे काणाडोळा करू नये. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

एक जागरण मात्र निद्रानाशाचे नसते. आडवे झाल्यावर दम लागतो, उठून बसले की बरे वाटते, मध्यरात्री हवेसाठी उठावे लागते, खोकला आडवे झाल्यावरच येतो. याचा अर्थ फुप्फुसात किंवा त्याभोवती पाणी साठत आहे. म्हणूनच रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहावे. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी फोन करावा. पापड, लोणचे, फरसाण आठवडाभर आत येत राहिले तर ते इथे दिसते. सैंधव मीठसुद्धा मीठच आहे.

आता गोळ्यांच्या त्रासाचे उरलेले. रॅमिप्रिलने कोरडी, घशात गुदगुल्या होऊन येणारी ढास लागते आणि प्रत्येक ढासेला हाड दुखते. तिला कफ सिरपने उतार पडत नाही. डॉक्टर बहुधा गोळी बदलून टेल्मिसार्टनच्या गटातली देतात. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र तातडीने रुग्णालय. मेटोप्रोलॉलने थकवा, गार पडणारे हात, मंद नाडी. नाडी मनगटावर पूर्ण ६० सेकंद मोजावी. ५०च्या खाली किंवा एकदम अनियमित लागली तर कळवावे. शस्त्रक्रियेनंतर ठोके अनियमित होण्याचा प्रकार बऱ्याच जणांना होतो आणि तेव्हा घरचे बीपीचे यंत्र आकडा चुकवते. पण ही गोळी एकदम बंद करणे सर्वांत वाईट. सावकाश विरघळणाऱ्या प्रकारातली असेल तर कुटून देऊ नये. दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे सारखेच दुखू लागले तर ती स्टॅटिनची खूण असू शकते; लघवी गडद झाली तर लगेच तपासणी. गणपतीच्या दिवसांत पपनस घरी येते. ते ज्या कुळातले आहे त्या फळांनी अटोरव्हास्टॅटिन रक्तात वाढते, तेव्हा या गोळीवर असणाऱ्याने ते दुसऱ्यांना खाऊ द्यावे.

आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यायची आपली रीत आहे. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम आधीच वर असू शकते, त्यात रोज दोन शहाळी म्हणजे ठोक्यांशी खेळ. ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही पोटॅशियम असते. पोटॅशियमचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी हो म्हटले तरच द्यावे. धातूची झडप बसवलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी रोज त्याच वेळी घ्यावी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते दाखवणारी, तपासणी चुकवू नये. पालक-मेथी बंद करायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. आठवडाभर पूर्ण मात्रेत पॅरासिटामॉल घेतले तरी आयएनआर वर जातो, हे तपासणीच्या वेळी सांगावे. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नये, कमरेत इंजेक्शन घेऊ नये. काढे आणि चूर्णे चालू असतील तर तीही लिहून दाखवावीत.

सगळ्यांत मोठी चूक मात्र दोन पिशव्यांची असते. ऑपरेशनआधीच्या जुन्या गोळ्यांची पिशवी कपाटात असते, नवी हातात. नावे वेगळी म्हणून दोन्ही चालू राहतात. जुनी ॲटेनोलॉल आणि नवी मेटोप्रोलॉल दोन्ही ठोके मंद करणाऱ्या; दोन्ही घेतल्या की माणूस उभा राहिल्या राहिल्या पडतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोरव्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल चालू असते आणि वर ॲस्पिरिनची वेगळी गोळीही. घरी आल्या दिवशी दोन्ही पिशव्या टेबलावर उपड्या कराव्यात, प्रत्येक पाकिटावरचे औषधाचे मूळ नाव वाचावे, दोन पाकिटांवर तेच नाव दिसले तर फोन करून विचारावे. जनऔषधी केंद्रातल्या पाकिटांवर मूळ नावच ठळक असते, तिथे हे काम सोपे जाते.

कोणत्या दुखण्याला थांबायचे नाही तेही सांगतो. हाडाचे दुखणे हलताना, खोकताना, दाबल्यावर वाढते आणि दर आठवड्याला कमी होत जाते. पहिल्या आठवड्यानंतर ते उलट वाढू लागले, खोकताना हाड कटकट वाजले, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप १००.४च्या वर गेला तर शल्यविशारदांना त्याच दिवशी दाखवावे. खोल श्वासाला आणि आडवे झाल्यावर वाढणारे, पुढे वाकल्यावर कमी होणारे दुखणे हृदयाच्या आवरणाच्या सुजेचे असू शकते. ते एक ते सहा आठवड्यांनीही येते. शीर न काढलेल्या पायाची पोटरी सुजून गरम झाली तर रक्ताची गाठ असू शकते. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटून घाम, जबड्यात किंवा हातात कळ, बेशुद्धी, बोलताना जीभ जड होणे : यातले काहीही झाले तर १०८ला फोन, स्वतः रिक्षा शोधत बसू नये.

आता मागण्या. गणेश मंडळांना विनंती की रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, तो रुग्णालयांभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रापलीकडेही पाळावा, कारण बायपासचा रुग्ण आता तुमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर उताणा जागा आहे. सणाच्या ठरावीक दिवशी बारापर्यंतची सवलत मिळते, त्या दिवशी कर्णे इमारतीकडे नव्हे तर रस्त्याकडे वळवावेत.

आणि ठाणे-नवी मुंबईतल्या सर्व हृदयशस्त्रक्रिया विभागांना विनंती : डिस्चार्ज कार्डाला मराठीत एक पान जोडा. त्यावर औषधाचे मूळ नाव आणि कंपनीचे नाव शेजारी शेजारी, ते कशासाठी, किती वाजता, किती दिवस, आणि त्रास झाला तर काय करायचे हे पाच रकाने असावेत. ‘दोन वेळा’ असे न लिहिता ‘सकाळी ८, दुपारी २’ असे आकडे असावेत. जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद, हे वेगळ्या चौकटीत लाल शाईने. खाली ‘या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका’ म्हणून वरची सहा नावे. आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. अक्षर एवढे मोठे असावे की चष्मा न सापडलेल्या आजींना रात्री दोन वाजता वाचता यावे.

आपले,
हृदयरुग्णांच्या शुश्रूषेत, फिजिओथेरपीत आणि औषधविक्रीत काम करणारे काही जण,
ठाणे आणि नवी मुंबई